डच चित्रातला पाव मातीसारखा का होतो, आणि मासा चमकत का नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सतराव्या शतकातला डच चित्रकार पीटर क्लास याची हेरिंग मासा, पाव आणि बिअरची चित्रं पाहून तुम्ही घरी तशीच मांडणी केलीत: लादी पाव, बांगडा, काचेच्या ग्लासात बिअर. १२ बाय १६ इंचांच्या कॅनव्हासवर तैलरंगात दोन आठवडे काम केलंत. पाव मातीच्या गोळ्यासारखा झाला, मासा करडा आणि मेलेला दिसतो, गडद पार्श्वभूमीवर कुठे चकाकी तर कुठे कोरडे चट्टे आलेत. आणि ‘तो डच ब्राऊन’ कुठल्या ट्यूब मिसळून करतात, हे तुम्हाला हवंय.

असा एखादा ब्राऊन नाही. तुमची अडचण मिश्रणाची नसून क्रमाची आहे. या चित्रांत आधी उजेड-अंधार ठरतो, मग रंगाची जाडी ठरते, आणि खरा ‘रंग’ सगळ्यात शेवटी, तोही फार थोडा, येतो. तुम्ही तपकिरी रंगापासून सुरुवात केलीत, म्हणून सगळं एकाच चिखलात गेलं. हे दुरुस्त होण्यासारखं आहे. मात्र याच कॅनव्हासवर दुरुस्त करायचं की नवा घ्यायचा, ते पार्श्वभूमी किती जाड झाली आहे यावर ठरेल. रंगाला नख टेकवल्यावर खूण उठत असेल तर त्यावर आणखी थर चढवू नका, नवा फळा, म्हणजे रंगवायची लाकडी फळी, घ्या.

आधी मूळ चित्राकडे नीट पाहू. क्लास अँटवर्पजवळच्या बेर्केममध्ये जन्मला, १६२०च्या सुमारास हार्लेमला आला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. हार्लेम हे बिअर गाळणाऱ्यांचं शहर होतं आणि खारवलेलं हेरिंग हे तिथलं रोजचं खाणं. रॉटरडॅमच्या बोइमन्स संग्रहालयात त्याचं १६३६चं छोटं चित्र आहे: बिअरचा ग्लास, ताटलीत कापलेलं हेरिंग, एक पाव, आणि बाकी जवळजवळ काही नाही. याच गावात वीस वर्षं आधी फ्लोरिस व्हान डाइक चीजच्या थप्प्या, फळं आणि नक्षीचं कापड असं भरगच्च टेबल रंगवायचा, तेही इतक्या वरून पाहिलेलं की टेबल पुढे कललंय असं वाटावं. क्लास आणि विलेम हेडा यांनी डोळ्यांची पातळी खाली आणली, वस्तू कमी केल्या आणि सगळ्या चित्राला करडा-पिवळसर एकच सूर दिला. मोजकेच रंग आणि एकमेकांत अडकलेल्या वस्तू, हीच त्यांची खासियत.

इथे एक सावधगिरी. आज पडद्यावर दिसणारा तपकिरीपणा सगळाच चित्रकाराचा नसतो. जुनं वॉर्निश पिवळं पडतं, तेल पिवळसर होतं, गडद भाग आणखी गडद होतात. त्या काळचे वनस्पतीजन्य पिवळे रंग उडून गेल्यामुळे अनेक डच चित्रांतली पानं आज निळी दिसतात. ती तशी रंगवलेली नव्हती. म्हणून नक्कल करताना तीनशेऐंशी वर्षांचं म्हातारपण रंगवू नका. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर साफसफाई झालेल्या चित्रांचे मोठे फोटो मिळतात, ते शेजारी ठेवा. त्यातले पांढरे किती थंड आणि स्वच्छ आहेत ते दिसेल.

आता मांडणी. तुमची निम्मी चूक इथेच झाली आहे. लादी पावाला पापुद्रा नसतो. चारही बाजूंनी मऊ, वरून एकसारखा गुळगुळीत. समोर कठीण-मऊ असा फरकच नसेल तर ब्रशला तो कुठून सापडणार? इराणी बेकरीतला ब्रून घ्या, किंवा गोव्याकडे असाल तर उंडो. दोन्हींना कडक साल असते, वर चीर असते, आणि मोडल्यावर आतला गर वेगळा दिसतो. पाव सुरीने कापू नका, हाताने मोडा. तेच माशाचं. बांगड्याच्या पाठीवर हिरवट पट्टे असतात, ते या चित्राच्या सुरात बसत नाहीत. तारली घ्या, ती हेरिंगच्या गोतातलीच आहे, अंगही तसंच चंदेरी. क्लासच्या ताटलीतलं हेरिंग ताजं नाही, खारवलेलं आहे, म्हणून तारलीही मीठ लावून दोन तास ठेवा, पुसा, तीन-चार तुकडे करा. आपल्या हवेत मासा दोन तासांच्या वर मांडणीत टिकत नाही, चंदेरी झाक आधी जाते आणि वास नंतर येतो. त्यामुळे मासा एकाच बैठकीत रंगवायचा. बिअरचा फेस बसतो आणि रंग बदलतो, म्हणून ग्लासात दूध न घातलेला गार, फिका चहा ओता. ताटली प्यूटरची, म्हणजे कथलाच्या मिश्रधातूची, मिळणार नाही. जुनी, चकाकी गेलेली ॲल्युमिनियमची चालते. स्टील नको, ते आरशासारखं वागतं.

उजेड एकाच खिडकीचा, डावीकडून, टेबलापेक्षा दोन-अडीच फूट वर. बाकी खिडक्या आणि ट्यूबलाइट बंद. आता एक गोष्ट बारकाईने पाहा, कारण सगळं चित्र तिच्यावर उभं आहे. क्लासच्या मागच्या भिंतीवर उजेड तिरका पडतो: वरचा डावा कोपरा अंधारात, खालचा उजवा भाग उजळ. त्यामुळे पावाची उजेडातली डावी कड अंधाऱ्या भिंतीवर येते आणि सावलीतली उजवी कड उजळ भिंतीवर. दोन्ही कडा आपोआप सुटतात, बाह्यरेषा काढावी लागत नाही. तुम्ही सगळी पार्श्वभूमी एकसारखी काळपट केलीत. म्हणून सावलीची बाजू तिच्यात बुडाली, आणि ती बाहेर काढायला तुम्ही रेषा मारली. पाव चिकटवल्यासारखा दिसतो तो त्या रेषेमुळे. डावीकडे एक पुठ्ठा असा उभा करा की त्याची सावली भिंतीच्या वरच्या डाव्या भागावर तिरकी पडेल. एवढ्याने मांडणी बदलून जाईल.

फळ्याबद्दल थोडक्यात. क्लास ओकच्या फळीवर काम करायचा: सरसाचा हात, त्यावर खडू आणि सरसाचं अस्तर, त्यावर पातळ रंगीत थर. तुमच्यासाठी ६ मिलिमीटरचा एमडीएफ किंवा चांगला प्लायवूड, साधारण २५ बाय ३५ सेंटिमीटर. दोन्ही बाजू आणि चारही कडा बंद करा, नाहीतर पावसाळ्यात एमडीएफ फुगतो. पुढच्या बाजूला ॲक्रिलिक जेसोचे (अस्तराच्या पांढऱ्या रंगाचे) तीन पातळ हात द्या, प्रत्येकानंतर ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. वर एक फिका, उबदार करडा हात: पांढरा, थोडा यलो ऑकर, थोडा रॉ अंबर, ॲक्रिलिकमध्येच, म्हणजे त्याच दिवशी वाळतो. हा मधला टोन, ना फार उजळ ना फार गडद, महत्त्वाचा. पांढऱ्या फळ्यावर कुठलाही तपकिरी फार गडद वाटतो, आणि आपण घाबरून त्यात पांढरा मिसळतो. चिखल तिथेच सुरू होतो.

पॅलेटवर फक्त सहा ट्यूब: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, रॉ अंबर, बर्न्ट सिएना, आयव्हरी ब्लॅक आणि लिंबाच्या झाकेचा एक पिवळा. जुन्या डच चित्रकारांकडे शिशाचा पांढरा होता; तो उबदार आणि चिवट असतो, जाड ठिपका उभा राहतो. टायटॅनियम थंड आहे आणि इतर रंगांना खाऊन टाकतो, म्हणून सुरुवातीलाच त्यात ऑकरचा अगदी मोहरीएवढा कण मिसळून ठेवा. शिशाचा पांढरा मिळाला तरी सुरुवातीला नको, तो विषारी आहे. निळा रंग लागणारच नाही, का ते माशापाशी सांगतो.

मग पहिला खरा थर. डच चित्रकार याला ‘डोडव्हर्फ’ म्हणायचे, शब्दशः मेलेला रंग. रॉ अंबर, काळा आणि पांढरा एवढ्यातच पूर्ण चित्र पाच टोनमध्ये बसवायचं. रंग टर्पेंटाइनने पातळ करा, तेल घालू नका. पाच टोनची छोटी पट्टी कागदावर करून शेजारी ठेवा: एक म्हणजे सगळ्यात गडद, पाच म्हणजे सगळ्यात उजळ. पाच नंबरचा उजेड या थरात कुठेच वापरायचा नाही, तो शेवटच्या ठिपक्यांसाठी राखून ठेवायचा. टेबलावरचं पांढरं कापडसुद्धा या टप्प्यात तीन-चारच्या पुढे जाऊ देऊ नका. डोळे बारीक करून लांबून पाहिल्यावर पाव, मासा आणि ग्लास ओळखू आले पाहिजेत. आले नाहीत तर पुढे जाऊ नका. रंग चढवल्यावर ही चूक सुधारत नाही, फक्त झाकली जाते.

हा थर वाळायला हिवाळ्या-उन्हाळ्यात पाच-सात दिवस, कोकणपट्टीच्या पावसाळ्यात दहा-बारा. तेलरंग पाणी उडून वाळत नाहीत, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतात. दमट हवेत ते रेंगाळतं. फळा उजेडात ठेवा, भिंतीकडे तोंड करून नको. अंधारात जवसाचं तेल लवकर पिवळं पडतं. बरंचसं पिवळेपण नंतर उजेडात परत जातं, पण ती वेळच कशाला आणायची.

आता पाव. मोडलेल्या ब्रूनकडे जवळून पाहा. वरची साल कडक, पातळ आणि किंचित चमकदार. चिरेच्या ओठाशी ती जळकी, जवळजवळ काळी. सालीच्या लगेच आत एक पिवळसर, दाट पट्टी असते, सुपारीच्या कापाएवढी रुंद, आणि मग पांढरट, भोकाभोकांचा गर. या तिन्ही गोष्टी तीन वेगळ्या जाडीने रंगवायच्या. साल पातळ: बर्न्ट सिएना आणि ऑकर, थोडं तेल घालून, खालचा डोडव्हर्फ आरपार दिसेल इतपत. सावलीत त्यातच थोडा रॉ अंबर, पांढरा अजिबात नाही. गर जाड: पांढरा आणि ऑकर, ट्यूबमधून आला तसा, तेल न घालता, जुन्या आखूड केसांच्या ब्रशने टोचत. पुसत नाही, टोचत. भोकं रंगवायची नाहीत. टोचण्यांच्या मधे खालचा गडद थर उरतो तीच भोकं. मधली पट्टी या दोन्हींच्या मधली, ऑकर आणि पिवळ्याचा एक अरुंद हात.

सालीच्या कडेशी गर जिथे भेटतो तिथे कड एकसारखी धारदार करू नका. उजेडाच्या बाजूला दोन-तीन ठिकाणी धार, बाकी हरवलेली. आणि फॅन ब्रश, म्हणजे पंख्यासारखा पसरट ब्रश, बाजूला ठेवा. सगळ्या टोनांवरून तो फिरवून गुळगुळीत केलं की पावाचा कडकपणा जातो, उरते ती मळलेली माती. तुमच्या पावाचं नेमकं हेच झालं आहे, आणि सावलीत पांढरा गेल्यामुळे ती माती राखाडीही झाली आहे. उजेडासाठी एक ब्रश, सावलीसाठी दुसरा, आणि बैठक संपेपर्यंत अदलाबदल नाही. एवढ्या एका शिस्तीने अर्धा चिखल टळतो.

माशाची चांदी चांदीच्या रंगाने येत नाही. आयव्हरी ब्लॅकमध्ये पांढरा मिसळला की जो करडा होतो, तो ऑकरच्या शेजारी निळसर दिसतो. डोळ्याला फसवणारा हा निळा पुरतो. ट्यूबमधला निळा घातला तर मासा प्लास्टिकचा होतो. पाठ जवळजवळ काळी, कुशीत मधला करडा, पोटाकडे तोच करडा पण ऑकरच्या थेंबाने उबदार. हे तीन पट्टे ओल्यातच एकमेकांशी लावा, फक्त शिवणीवर एकदा ब्रश ओढून. खवले मोजून काढू नका, उजेड वळतो तिथे चार-सहा पुरेत. कापलेल्या बाजूचं मांस तपकिरी-गुलाबी: बर्न्ट सिएना, पांढरा आणि किंचित ऑकर, कण्याजवळ जास्त लाल. शेवटी चकाकी. तुम्ही पाठीवरून एक लांब पांढरी रेघ ओढली आहे, ती पाइपवर शोभेल. ओल्या माशावरचा उजेड तुटक असतो: एक लांबट ठिपका, मग जागा, मग दोन बारीक, मग काहीच नाही. तो जाड पांढऱ्याने, एकदाच ठेवायचा आणि ब्रश उचलायचा. ताटलीतलं माशाचं प्रतिबिंब माशापेक्षा एक टोन गडद आणि कडांना विरघळलेलं ठेवा.

थोडक्यात आतापर्यंत: एक खिडकी आणि तिरका उजेड असलेली भिंत, मधल्या टोनचा फळा, पाच टोनांचा डोडव्हर्फ, मग सावल्या पातळ आणि उजेड जाड. यापुढचं सगळं त्यावर चढतं.

ग्लास सगळ्यात शेवटी, कारण ग्लास रंगवायचा नसतोच, त्याच्यामागचं आधी पूर्ण करायचं असतं. भिंत आणि टेबलाची कड ग्लासच्या जागेतून सरळ नेऊन वाळू द्या. मग त्यावर बिअर. इथे बहुतेकांचं उलटं होतं. उजेड डावीकडून येतो म्हणून बिअर डावीकडे उजळ करतात. ग्लासातलं पेय भिंगासारखं वागतं. उजेड आत शिरून पलीकडच्या बाजूला गोळा होतो. म्हणून बिअरचा सगळ्यात झळाळता भाग उजव्या बाजूला खाली असतो, आणि डावी बाजू गडद, तिच्यावर फक्त खिडकीचा छोटा पांढरा चौकोन. चहा ओतलेला तुमचा ग्लास समोर आहेच, तपासून पाहा. झळाळीसाठी ऑकर-पिवळ्याचा उजळ हात आधी देऊन वाळवा आणि वरून बर्न्ट सिएनाचा ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक थर, द्या. एक भाग जवसाचं तेल, दोन भाग टर्पेंटाइन, रंग नावापुरता. खिडकीच्या चौकोनाला मधला उभा-आडवा गज दिसू द्या, आणि समोरच्या आतल्या काचेवर तेच प्रतिबिंब पुन्हा, फिकं आणि उलट वळलेलं. हा दुसरा ठिपका ठेवला की काच पोकळ वाटते. ग्लासची कड पूर्ण गोल काढू नका. दोन तुकडे धारदार, बाकी डोळा जोडून घेतो.

आता पार्श्वभूमीचे कोरडे चट्टे. तो दोष तुमच्या हाताचा कमी, रसायनाचा जास्त. रॉ अंबर तेल पितो, जेसोही तेल पितं, आणि तुम्ही टर्पेंटाइन भरपूर वापरलंय. रंगातलं तेल खाली शोषलं गेलं की वरचा भाग मॅट आणि फिका दिसतो. यावर आणखी काळा चढवणं हा उपाय नाही. भाग पूर्ण वाळला असेल तर एक भाग जवसाचं तेल आणि एक भाग टर्पेंटाइन मऊ कापडावर घेऊन अगदी पातळ चोळा, दोन मिनिटांनी कोरड्या कापडाने जवळजवळ सगळं पुसून घ्या. मूळ गडदपणा परत येईल, आणि लागलंच तर त्यावरच पुढचा पातळ थर देता येईल. शुद्ध काळा मोठ्या भागात वापरणं टाळा. आयव्हरी ब्लॅक हळू वाळतो, अंबर भराभर वाळतो. काळा खाली ओला राहिला आणि वरचा अंबर घट्ट झाला की चिरा पडतात. पार्श्वभूमी काळा, अंबर आणि पांढरा यांच्या करड्यानेच करा, काळा एक चतुर्थांशाहून कमी.

तेल कलासाहित्याच्या दुकानातलं, शुद्ध केलेलं जवसाचं घ्या. हार्डवेअरवाल्याकडचं बेलतेल उकळलेलं असतं, त्यात वाळवणारी द्रव्यं असतात, ते लवकर तांबडं पडतं. खाण्याचं जवसाचं तेलही नको. ते नीट वाळेलच असं नाही. प्रत्येक पुढच्या थरात आधीच्यापेक्षा तेल किंचित जास्त, कमी कधीच नाही. आणि तेलाच्या चिंध्या चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. त्या स्वतःहून तापून पेट घेऊ शकतात. पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या डब्यात टाका, खिडकी उघडी ठेवा.

वॉर्निशची घाई नको. पातळ थर असतील तर सहा महिने, गरासारखा जाड रंग असेल तर वर्ष. तोवर कोरड्या जागांना वरचा तेलाचा उपाय पुरतो.

तुम्ही शेवटी विचारलंय की हीच पद्धत भाकरी, कांदा आणि सुक्या बोंबलाला चालेल का. चालेल, फक्त जाडीचा हिशेब नव्याने मांडावा लागेल. भाकरीला साल आणि गर असा फरक नाही. तिचा सगळा खेळ पापुद्र्यावरच्या भाजल्याच्या डागांत आणि फाटलेल्या कडेत आहे. म्हणून पीठ लागलेला पृष्ठभाग कोरड्या ब्रशने, जवळजवळ तेल न घालता, आणि डाग त्याच्याखालच्या थरातून दिसू द्या, वरून ठेवू नका. आधी ब्रून, तारली आणि चहाचा ग्लास एकदा पूर्ण करा. डोडव्हर्फ वाळला की त्याचा फोटो काळ्या-पांढऱ्यात टाका; सावल्या कुठे बुडतात ते त्यातच कळेल, आणि रंग चढवण्याआधी सांगता येईल.